स्टिअरिंग जोडलं, पण गेममधली गाडी वळेना? चाक परत पाठवण्याआधी हे तपासा

सुट्ट्या लागल्या की अनेक घरांत एक मोठं खोकं येतं. आत गेम खेळायचं स्टिअरिंग आणि पायाने दाबायचे पेडल. पोरं चाक टेबलाला आवळतात, यूएसबीची पिन लावतात आणि इतकी वर्षं कीबोर्डच्या बाणांवर खेळलेला जुना रेसिंग गेम उघडतात.

गडबड तिथूनच सुरू होते. चाक फिरवलं तरी गाडी सरळच जाते. एक्सलेटरला पाय लावायच्या आधीच गाडी सुटते. नाहीतर ब्रेक कुणीतरी दाबून धरल्यासारखी गाडी जागची हलत नाही.

"पीस खराब आला," असं म्हणून कुणी चाक परत पाठवतो. कुणी गावातल्या दुकानात नेऊन ते खोलून घेतो आणि वॉरंटी घालवून बसतो. कुणी इंटरनेटवर दिसेल ती फाइल उतरवतो आणि घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस घेऊन येतो.

खरं तर अशा वेळी बऱ्याचदा चाक धडधाकट असतं. बिघाड नसतो, जुळणी चुकलेली असते. गेम वीस वर्षांपूर्वीचा, चाक आजचं आणि दोघांची बोली वेगळी. ही जुळणी घरच्या घरी, एक रुपया खर्च न करता करता येते. फक्त तपासणी क्रमाने करायला हवी.

सगळ्यात आधी: दोष चाकात की गेममध्ये?

हा प्रश्न सुटला की अर्धं काम झालं. त्यासाठी गेम उघडायची गरज नाही. विंडोजमध्येच चाक तपासण्याची सोय आहे आणि ती विंडोज १० आणि ११ मध्येही आहे.

असं करा :

१) गेम बंद ठेवा. चाक जोडा.

२) कीबोर्डवर विंडोजचं बटण दाबून धरा आणि 'आर' दाबा. एक छोटी चौकट उघडेल.

३) त्यात इंग्रजी लहान अक्षरांत जे-ओ-वाय, मग टिंब, मग सी-पी-एल असं मधे जागा न सोडता टाइप करा आणि एंटर दाबा.

४) 'गेम कंट्रोलर्स' नावाची यादी दिसेल. त्यात तुमच्या चाकाचं नाव निवडा आणि 'प्रॉपर्टीज' दाबा.

आता समोर एक चौकोन आणि त्यात अधिकचं छोटं चिन्ह दिसेल. शेजारी काही पट्ट्या आणि बटणांचे लाल ठिपके असतील. चाक सावकाश डावीकडे-उजवीकडे फिरवा. चिन्ह तसंच सरकलं पाहिजे. एकेक पेडल दाबा. एखादी पट्टी भरली किंवा रिकामी झाली पाहिजे, किंवा चिन्ह वर-खाली झालं पाहिजे. बटणं दाबली की ठिपके उजळले पाहिजेत.

हे सगळं नीट होत असेल तर चाक चांगलं आहे. ते परत पाठवू नका, खोलू तर मुळीच नका. पुढची दुरुस्ती गेमच्या सेटिंगमध्ये आहे.

हे नीट होत नसेल, म्हणजे यादीत नावच येत नाही किंवा पेडल दाबूनही काहीच हलत नाही, तर गेमची सेटिंग कितीही बदलली तरी उपयोग नाही.

एक काम इथेच उरकून घ्या. या पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. एका हाताने पेडल दाबताना पट्टी हलत नाही हे त्यात स्पष्ट दिसू द्या. चाक खरंच खराब निघालं तर विक्रेत्याला दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. परतीची मुदत संपायच्या आत तो पाठवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

यादीत चाक दिसतच नसेल तर

आधी सोपी कारणं तपासा.

यूएसबीची पिन हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरला लावा. डेस्कटॉप असेल तर मागच्या बाजूच्या सॉकेटमध्ये लावून बघा. पुढची सॉकेटं बऱ्याचदा सैल झालेली असतात.

मोटर असलेल्या चाकांना यूएसबीखेरीज वेगळा अडॅप्टर लागतो. लॉजिटेकचे जी२७ आणि जी२९ हे या प्रकारातले. अशी चाकं चालू होताना एकदा स्वतःहून डावीकडे आणि उजवीकडे गरगर फिरतात. हा बिघाड नाही. चाक आपली मधली जागा शोधून घेतं. त्या वेळी चाकावर हात ठेवू नका आणि लहान मुलांना बोटं घालू देऊ नका. चाक असं फिरलंच नाही, तर अडॅप्टरला करंट येतोय का ते बघा.

अडॅप्टर हरवला म्हणून वायफायच्या डब्याचा किंवा दुसऱ्या कशाचा अडॅप्टर लावण्याचा मोह होतो, कारण पिन तशीच बसते. तसं करू नका. जी२७ आणि जी२९ ला २४ व्होल्ट लागतात, वायफायचा अडॅप्टर साधारण ९ किंवा १२ व्होल्टचा असतो. अडॅप्टरवर छापलेले आकडे आणि चाकाखालच्या स्टिकरवरचे आकडे जुळले तरच तो लावा.

पेडलची वायर चाकाच्या पोटात लागते. ती अर्धवट बसली तर चाक चालतं, पेडल मेलेले वाटतात. लॉजिटेकच्या या चाकांत ही पिन नऊ काड्यांची असते. एखादी काडी वाकली आहे का, हे मोबाइलचा टॉर्च लावून बघा.

काही चाकांवर एक छोटं सरकतं बटण असतं. चाक कोणत्या मशीनला जोडलं आहे, हे त्यावरून ठरतं. जी२९ वर पीएस३ आणि पीएस४ असे दोन पर्याय आहेत. कॉम्प्युटरसाठी ते पीएस३ वर ठेवायचं असतं. एवढंच बटण चुकल्यामुळे चांगलं चाक बिघडलेलं वाटू शकतं.

पट्टी थरथरत असेल तर

पाय न हलवता पेडलची पट्टी उड्या मारत असेल, तर गेममध्ये गाडी झटके खात चालते. जुन्या रेडिओचा आवाजाचा नॉब फिरवताना खरखर येते, तसाच हा प्रकार. अनेक पेडलमध्ये तशाच जातीचा फिरता भाग असतो आणि त्यात धूळ बसते.

चाक बंद करून पेडल वीस-पंचवीस वेळा पूर्ण दाबून सोडा. बऱ्याचदा एवढ्याने फरक पडतो. नाही पडला आणि वॉरंटी संपलेली असेल, तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा जाणकाराकडून मारून घ्या. वॉरंटी असेल तर खोलू नका.

चाक चांगलं, मग गेमला का कळत नाही?

याचं उत्तर थोडं जुन्या काळात आहे.

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा खेळाच्या दांडीसाठी 'गेमपोर्ट' नावाची वेगळी जोडणी होती. तिला पंधरा काड्यांची पिन लागायची. या जोडणीतून फक्त चार हालचाली आणि चार बटणं कॉम्प्युटरला कळायची. पुढे यूएसबी आलं आणि गेमपोर्ट मागे पडला. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने त्याला आधार देणं बंद केलं.

गेम आणि चाक यांनी एकमेकांशी बोलायचं कसं, याचीही एक पद्धत असते. १९९५ नंतरच्या विंडोज गेमांत 'डायरेक्ट इनपुट' ही पद्धत रुळली. नीड फॉर स्पीड ही मालिका १९९४ मध्ये सुरू झाली. पुढच्या दशकात कॉम्प्युटरवर आलेले तिचे भाग याच काळातले.

मग २००५ च्या सुमारास एक्सबॉक्स ३६० आला आणि त्याच्यासोबत 'एक्स इनपुट' नावाची नवी पद्धत आली. ती सोपी होती, पण हातात धरायच्या गेमपॅडसाठी बनवलेली होती.

आता अडचण अशी. २००५ च्या आधीच्या गेमला एक्स इनपुट माहीतच नाही. आणि आज मिळणारी बरीच स्वस्त चाकं कॉम्प्युटरला जोडल्यावर "मी एक्सबॉक्सचा गेमपॅड आहे" असंच सांगतात. तुमचं चाक तसं करतंय का, हे वर सांगितलेल्या यादीत कळतं. चाकाच्या नावाऐवजी तिथे 'एक्सबॉक्स ३६०' असं काही दिसलं, तर चाक नव्या बोलीत बोलतंय.

जुना गेम अशा चाकाला थोडंफार ओळखतो, पण एक्सलेटर आणि ब्रेक त्याला एकाच पट्टीवर मिसळलेले दिसतात. दोन्ही एकदम दाबले तर एकमेकांना खोडून काढतात. चाकाची थरथरही येत नाही.

उपाय सोपा आहे. अनेक चाकांवर मोड बदलायचं बटण असतं. काहींत ते दोन-चार सेकंद दाबून धरावं लागतं, काहींत दोन बटणं एकत्र दाबावी लागतात. खोक्यातला कागद फेकून देऊ नका, ही माहिती त्यातच असते. मोड बदलला की यादीतलं नाव बदलतं. जुन्या गेमसाठी डायरेक्ट इनपुटचा मोड ठेवा, नव्या गेमसाठी एक्स इनपुटचा.

उलट अडचणही येते. २००६ नंतरच्या काही गेमांना फक्त एक्सबॉक्सचा गेमपॅडच कळतो आणि जुनं चाक कळत नाही. अशा वेळी मधे दुभाष्या बसवावा लागतो. 'एक्स३६०सीई' हा मोफत प्रोग्राम ते काम करतो. मात्र तुमचा गेम त्याच्या आधीचा असेल, तर या प्रोग्रामच्या नादी लागू नका. गुंता वाढेल.

पाय न लावता ब्रेक लागतो? तराजूचा हिशेब समजून घ्या

जुन्या गेममधली ही सगळ्यात जास्त त्रास देणारी अडचण आहे आणि चाक खराब असल्याची शंका बहुधा इथेच येते.

जुन्या काळी हालचाली मोजायला जागा कमी होती. म्हणून एक्सलेटर आणि ब्रेक एकाच हालचालीवर बसवले जायचे. तराजू डोळ्यासमोर आणा. एक्सलेटर दाबला की एक पारडं खाली, ब्रेक दाबला की दुसरं पारडं खाली. काहीच दाबलं नाही की काटा मध्ये. जुना गेम हा काटा वाचतो.

आजच्या चाकात एक्सलेटर आणि ब्रेक यांचे दोन वेगळे काटे असतात. कुणीही पेडल दाबलेलं नसतं, तेव्हा प्रत्येक काटा मध्ये नसून एका टोकाला असतो. जुना गेम त्यातला एकच काटा बघतो. तो टोकाला दिसला की गेम समजतो, पेडल पूर्ण दाबलंय! म्हणून गाडी आपोआप सुटते किंवा ब्रेक लागलेलाच राहतो. पेडल अर्धं दाबलं की काटा मध्ये येतो आणि गाडी जरा शांत होते. ही खूण दिसली की कारण हेच, असं समजा.

उपाय असा : चाकाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कम्बाइन्ड पेडल्स' असा पर्याय शोधा आणि चालू करा. लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आहे. इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्येही अशाच नावाने शोधा. पर्याय चालू केला की दोन काटे एकत्र येऊन पुन्हा तराजू तयार होतो.

खात्री करायला वरची तपासणी परत करा. आता एक्सलेटर दाबल्यावर चिन्ह एका बाजूला आणि ब्रेक दाबल्यावर त्याच रेषेवर दुसऱ्या बाजूला गेलं पाहिजे. पाय काढल्यावर ते मध्ये थांबलं पाहिजे.

नवा गेम खेळताना हा पर्याय बंद करायला विसरू नका. नव्या गेमला दोन वेगळे काटेच हवे असतात.

चाक खूप फिरवावं लागतं, तरी गाडी वळत नाही

जी२९ सारखं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९०० अंश फिरतं, म्हणजे अडीच फेऱ्या. खऱ्या कारच्या चाकाच्या जवळपास. पण जुन्या काळातली गेमची चाकं साधारण एका फेरीच्या आतच फिरायची. गेमही तेवढ्याच हिशेबाने बनलेले.

साधा हिशेब बघा. चाक ९०० अंशांवर असेल तर मधल्या जागेपासून एका बाजूला ४५० अंश होतात. तुम्ही हात पाव फेरी, म्हणजे ९० अंश फिरवला, तर गेमला फक्त २० टक्के वळण मिळतं. समोर काटकोनातलं वळण आलं तर गाडी सरळ भिंतीत.

तेच चाक २७० अंशांवर लावलं, तर एका बाजूला १३५ अंश होतात. तीच पाव फेरी आता जवळपास ६७ टक्के वळण देते. गाडी लगेच वळते.

म्हणून पळापळीच्या जुन्या गेमसाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चाकाचा फिरण्याचा कोन २०० ते २७० अंशांच्या दरम्यान ठेवा. ट्रक किंवा खऱ्यासारखी गाडी चालवायचे गेम असतील तर ९०० ठेवा.

उलट, हात जरासा हलला तरी गाडी रस्ता सोडत असेल, तर गेममधल्या 'डेड झोन' आणि 'सेन्सिटिव्हिटी' या सेटिंग बघा. डेड झोन म्हणजे मधला मोकळा पट्टा. तेवढ्यात चाक हललं तरी गाडी हलत नाही. घासलेल्या जुन्या गाडीच्या स्टिअरिंगला असतो तसा 'प्ले'. चाकासाठी तो शून्याजवळ ठेवतात. गेमपॅडसाठी ठेवलेला मोठा डेड झोन चाकाला तसाच राहिला, तर चाक मेल्यासारखं वाटतं.

चाक अगदी सैल असेल आणि सोडल्यावर मधे येत नसेल, तर तो गेम चाकाला जोर देण्याची सोय देत नसावा. लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमधला 'सेंटरिंग स्प्रिंग' हा पर्याय चालू केला की चाक निदान आपोआप मधे येतं.

गेममध्ये जोडणी करायचा क्रम

घाईत इथे चुका होतात. क्रम असा ठेवा :

१) चाक आधी जोडा, ते फिरून थांबू द्या, मगच गेम उघडा. जुने गेम सुरू होतानाच काय काय जोडलंय ते बघतात. मधेच जोडलेलं चाक त्यांना दिसत नाही.

२) दुसरा गेमपॅड किंवा जॉयस्टिक जोडलेली असेल तर काढून ठेवा. काही जुने गेम यादीतलं पहिलं नाव उचलतात. काढणं शक्य नसेल, तर त्याच 'गेम कंट्रोलर्स'च्या चौकटीत 'अडव्हान्स्ड' बटण आहे. जुन्या प्रोग्रामसाठी कोणतं उपकरण वापरायचं, ते तिथे निवडता येतं.

३) गेमच्या 'कंट्रोल्स' भागात जाऊन कीबोर्डऐवजी चाक किंवा जॉयस्टिक निवडा.

४) 'स्टिअर लेफ्ट' वर क्लिक करून चाक फक्त डावीकडे फिरवा. त्या वेळी पेडलवर पाय नको. पाय चुकून लागला तर गेम पेडललाच स्टिअरिंग समजून बसतो.

५) तसंच उजवं वळण, एक्सलेटर आणि ब्रेक नेमा. प्रत्येक वेळी एकच गोष्ट हलवा.

६) सगळं जमलं की त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुन्हा कधी बिघडलं तर शोधाशोध नको.

क्लचचं पेडल आणि गिअरची दांडी जुन्या गेममध्ये चालली नाही तर नवल नाही. अनेक गेमांत क्लच मुळातच नाही. गिअर वर-खाली करायला चाकामागच्या दोन पट्ट्या वापरा.

काही वेळा आज केलेली सेटिंग उद्या पुसलेली असते. गेम 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्ये असेल, तर नवी विंडोज त्याला तिथे लिहायला अडवते. गेम सी ड्राइव्हमध्ये 'गेम्स' नावाचं वेगळं फोल्डर करून त्यात पुन्हा इन्स्टॉल करा. बऱ्याचदा प्रश्न मिटतो.

अजूनही शंका असेल तर एक मोफत कसोटी आहे. लाइव्ह फॉर स्पीड हा २००३ पासूनचा गेम त्याच्या अधिकृत साइटवर मोफत डेमो देतो. त्यात पेडल एकत्र की वेगळे हे निवडता येतं. चाक तिथे नीट चाललं आणि तुमच्या गेममध्ये नाही, तर दोष चाकाचा नाही हे पक्कं.

गेमच उघडत नसेल तर

जुन्या सीडीवरचा गेम विंडोज १० किंवा ११ वर अजिबात सुरू होत नसेल, तर त्याचा चाकाशी संबंध नाही. त्या काळच्या अनेक सीड्यांवर 'सेफडिस्क' नावाचं कॉपीविरोधी कुलूप असायचं. त्या कुलपामुळे कॉम्प्युटरच्या सुरक्षेला धोका होता. म्हणून विंडोज १० मध्ये ते घेतलंच नाही आणि २०१५ मध्ये आधीच्या विंडोजवरही अपडेट देऊन बंद केलं. सीडी अस्सल असली तरी ती चालत नाही.

यावर सरळ मार्ग म्हणजे तो गेम आजच्या विंडोजसाठी पुन्हा विकला जातोय का ते बघणं. जीओजी ही साइट जुने गेम अशा कुलपाशिवाय विकते. सगळे गेम मिळत नाहीत, पण पुष्कळ मिळतात.

खरा धोका इथे आहे : 'ड्रायव्हर' नावाच्या फाइली

ड्रायव्हर म्हणजे चाकाची कॉम्प्युटरशी ओळख करून देणारा प्रोग्राम. चाक चाललं नाही की मुलं इंटरनेटवर "स्टिअरिंग ड्रायव्हर फ्री डाउनलोड" असं शोधतात. समोर डझनभर साइट येतात, त्यातल्या काहींवर ड्रायव्हरच्या नावाखाली भलतंच काही असतं. गेमचं कुलूप तोडायच्या 'क्रॅक' फाइलींचंही तेच.

खेड्यातल्या घरी कॉम्प्युटर बहुधा एकच असतो. त्यावरच वडिलांचं नेट बँकिंग, आईच्या बचत गटाचा हिशेब, पीक विम्याचे कागद आणि आधार-पॅनच्या प्रती. गेमसाठी उतरवलेली एक फाइल या सगळ्यापर्यंत पोहोचू शकते.

म्हणून हे पाळा :

- ड्रायव्हर फक्त चाकाच्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. नाव खोक्यावर छापलेलं असतं.
- "आधी अँटिव्हायरस बंद करा" असं सांगणारी फाइल उघडू नका. चांगल्या ड्रायव्हरला त्याची गरज पडत नाही.
- पासवर्ड लावलेली दाबून लहान केलेली फाइल आणि शेजारी लिहिलेला पासवर्ड, हे लक्षण चांगलं नाही.
- "तुमचे सगळे ड्रायव्हर जुने झालेत, पैसे भरा" असं सांगणारे प्रोग्राम नकोत.
- अनेक साधी चाकं विंडोज स्वतःहून ओळखतं. यादीत नाव आलं आणि पट्ट्या हलल्या, तर वेगळा ड्रायव्हर शोधायची गरजच नाही.

खात्यातून पैसे गेल्याचं लक्षात आलं, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

जुनं चाक विकत घेताय?

वापरलेलं चाक स्वस्तात मिळतं, पण पिन बघूनच पैसे द्या.

पंधरा काड्यांची पिन असेल तर ते गेमपोर्टचं चाक आहे. आजच्या कॉम्प्युटरला ते थेट लागत नाही. ती पिन मॉनिटरच्या व्हीजीए पिनसारखी वाटते, कारण त्यातही पंधराच काड्या असतात. फरक असा की व्हीजीएच्या काड्या तीन रांगांत आणि गेमपोर्टच्या दोन रांगांत असतात. प्लेस्टेशनची चपटी रुंद पिन असेल तर तेही कॉम्प्युटरला थेट चालणार नाही. यूएसबीची पिनच हवी.

विक्रेत्याकडे लॅपटॉप असेल किंवा तुम्ही नेऊ शकत असाल, तर वरची तपासणी त्याच्यासमोरच करा. अडॅप्टर मूळचा आहे का ते बघा. सगळे पेडल पूर्ण दाबून पट्ट्या टोकापर्यंत जातात का ते बघा.

मोबाइलवरच्या गेमसाठी चाक घ्यायचं असेल, तर खोक्यावर अँड्रॉइडचं नाव स्पष्ट छापलेलं असल्याशिवाय घेऊ नका. कॉम्प्युटरसाठी बनलेलं चाक ओटीजी वायरने फोनला लावलं म्हणजे चालेलच, असं नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आधी विंडोजच्या यादीत चाक तपासा, गेम नंतर.
- पट्ट्या नीट हलल्या तर चाक चांगलं. खोलू नका, परत पाठवू नका.
- यादीत एक्सबॉक्सचं नाव दिसलं तर मोड बदला.
- गाडी आपोआप पळते किंवा थांबते, तर पेडल एकत्र करा.
- वळण कमी मिळतं, तर फिरण्याचा कोन २०० ते २७० करा.
- पट्ट्या हललीच नाहीत, तर व्हिडिओ काढून परतीच्या मुदतीत विक्रेत्याला पाठवा.

चाकाला काही हजार रुपये मोजलेले असतात. "खराब आहे" असं ठरवण्याआधी ही दोन मिनिटांची तपासणी केली, तर चांगलं चाक माळ्यावर धूळ खात पडणार नाही आणि खरंच खराब निघालं तर पैसे परत मागायला हातात पुरावा असेल.